केंद्रकीय विखंडन आणि संमीलन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्रकीय विखंडन आणि केंद्रकीय संमीलन म्हणजे नेमके काय?

युरेनियमसारख्या जड अणूचे केंद्रक फुटून त्याची दोन मध्यम आकाराची केंद्रके होणे म्हणजे विखंडन, आणि हायड्रोजनसारख्या हलक्या अणूंची केंद्रके एकमेकांत मिसळून त्यांचे एक जड केंद्रक तयार होणे म्हणजे संमीलन. आज जगभर चालणाऱ्या सर्व अणुवीज केंद्रांत विखंडन होते. सूर्य आणि इतर तारे संमीलनावर तळपतात. दोन्ही घडामोडी अणूच्या केंद्रकात होतात, आणि इथेच त्या जळणापेक्षा वेगळ्या ठरतात, कारण कोळसा किंवा गॅस जळताना फक्त अणूंच्या बाहेरील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, केंद्रकाला मात्र धक्काही लागत नाही.

तोडल्याने ऊर्जा मिळते आणि जोडल्यानेही मिळते, हे परस्परविरोधी नाही का?

हा प्रश्न शाळकरी वाटला तरी या विषयाचा गाभा त्यातच आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देणे योग्य ठरेल.

केंद्रकातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एका अतिशय प्रबळ आकर्षणबलाने एकत्र बांधलेले असतात, परंतु या बलाची पोच फारच कमी असल्यामुळे प्रत्येक कणाला ते केवळ लगतच्या कणांशी जोडू शकते. याउलट, प्रोटॉनांवरील धनभारामुळे त्यांच्यात होणारे प्रतिकर्षण लांबपर्यंत पोहोचते आणि केंद्रकातला प्रत्येक प्रोटॉन बाकीच्या सर्व प्रोटॉनांना दूर लोटत असतो. केंद्रक लहान असेल तर बहुतेक कण पृष्ठभागावर असतात, त्यांना शेजारी कमी मिळतात आणि बांधणी सैल राहते. केंद्रक फार मोठे असेल तर प्रतिकर्षण साचत जाते आणि बांधणी पुन्हा सैल होते. सर्वांत घट्ट बांधणी या दोन टोकांच्या मध्ये, लोह आणि निकेलच्या आसपास, आढळते.

ही घट्टपणाची मोजणी प्रतिकण बंधनऊर्जेने, म्हणजे केंद्रकातील कण सुटे करण्यास दर कणामागे सरासरी लागणाऱ्या ऊर्जेने, करतात. ड्यूटेरियममध्ये, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असलेल्या जड हायड्रोजनमध्ये, ती सुमारे १.१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असते (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे अणूंच्या पातळीवरील ऊर्जेचे एकक, मेगा म्हणजे त्याची दहा लाख पट). हेलियममध्ये सुमारे ७.१, लोहाजवळ सुमारे ८.८ आणि युरेनियममध्ये सुमारे ७.६. सैल बांधणीकडून घट्ट बांधणीकडे जाताना फरकाइतकी ऊर्जा बाहेर पडते. युरेनियम फुटले की त्याचे तुकडे लोहाच्या दिशेने सरकतात, आणि हायड्रोजनचे हेलियम झाले की तेही लोहाच्याच दिशेने सरकते. एकाच उंचवट्याच्या दोन बाजूंनी केलेली ही चढण असल्यामुळे तोडणे आणि जोडणे यांत विरोध उरत नाही. लोहाला मात्र तोडले किंवा जोडले तरी ऊर्जा मिळत नाही. प्रचंड ताऱ्यांच्या गाभ्यात लोह साचले की त्यांचे इंधन संपते, त्यामागचे कारण हेच.

आकड्यांकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. हायड्रोजनकडून हेलियमकडे जाणारी चढण फार उभी आहे, युरेनियमकडून मधल्या केंद्रकांकडे जाणारी सौम्य आहे. म्हणून तेवढ्याच वजनाच्या इंधनातून संमीलनाने विखंडनाच्या सुमारे चौपट ऊर्जा मिळते.

ही ऊर्जा नेमकी किती असते? वस्तुमान नष्ट होते असे म्हणतात, ते खरे का?

युरेनियम-२३५ चे एक केंद्रक फुटले की सुमारे २०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मोकळी होते. कार्बनचा एक अणू जळताना मिळणारी ऊर्जा सुमारे ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, म्हणजे हा फरक जवळजवळ ५ कोटी पट आहे. एक किलो युरेनियम-२३५ पूर्णपणे विखंडित झाले, तर चांगल्या प्रतीचा जवळपास ३००० टन कोळसा जाळल्याइतकी उष्णता मिळेल. प्रत्यक्ष अणुभट्टीतील इंधनात युरेनियम-२३५ चा वाटा अल्प असल्यामुळे आणि तोही पूर्ण वापरला जात नसल्यामुळे हा हिशेब तत्त्वापुरता समजावा.

वस्तुमानाविषयी गैरसमज मोठा आहे. विखंडनात एकही प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन नाहीसा होत नाही. आधी जितके असतात तितकेच नंतरही मोजता येतात. घट्ट बांधलेल्या केंद्रकाचे एकूण वस्तुमान सैल बांधलेल्या केंद्रकांपेक्षा किंचित कमी भरते, आणि ही तूट प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणली की बाहेर पडलेली ऊर्जा मिळते. विखंडनात ही तूट हजारात एका भागाहूनही कमी असते. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी टाकलेल्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होते. त्यातले एक किलोहूनही कमी विखंडित झाले, आणि ऊर्जेच्या रूपात बाहेर पडलेले वस्तुमान एक ग्रॅमही नव्हते.

विखंडनाचा शोध कोणी लावला?

बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांनी १९३८ च्या डिसेंबरात युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला आणि त्यातून बेरियम निर्माण झाल्याचे रासायनिक चाचण्यांनी दाखवले. बेरियमचे केंद्रक युरेनियमच्या निम्म्याहून थोडेच जड असते, त्यामुळे हा निकाल खुद्द प्रयोग करणाऱ्यांनाही अविश्वसनीय वाटला. त्याचा अर्थ लिझ माइटनर आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश यांनी लावला. ज्यू कुळातल्या असल्यामुळे माइटनर यांना त्याच वर्षी जर्मनी सोडून स्वीडनमध्ये आश्रय घ्यावा लागला होता. केंद्रक द्रवाच्या थेंबाप्रमाणे ताणले जाऊन दुभंगते, आणि मोकळी होणारी सुमारे २०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा वस्तुमानातील तुटीशी तंतोतंत जुळते, हे त्यांनी मांडले. नोबेल पारितोषिक मात्र एकट्या हान यांना मिळाले (१९४४ सालचे रसायनशास्त्राचे), आणि हा अन्याय होता असे म्हणण्यास आज फारसे कोणी कचरत नाही.

साखळी प्रक्रिया म्हणजे काय? मग खाणीतले युरेनियम आपोआप का पेटत नाही?

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्यामुळे त्याला केंद्रक दूर लोटत नाही. मंदगतीचा न्यूट्रॉनही युरेनियम-२३५ च्या केंद्रकात सहज शिरतो आणि त्याला फोडतो. फुटताना सरासरी २.४ नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यातल्या किमान एकाने पुढचे केंद्रक फोडले, की प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू राहते. एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागो विद्यापीठात २ डिसेंबर १९४२ रोजी ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम रचून अशी नियंत्रित साखळी प्रथम चालवली.

खाणीतल्या युरेनियममध्ये २३५ हा समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा न्यूट्रॉनांच्या संख्येने वेगळा ठरणारा प्रकार, केवळ ०.७ टक्के असतो. उरलेले जवळजवळ सर्व युरेनियम-२३८ असते आणि ते वेगवान न्यूट्रॉनांपैकी बरेचसे गिळून टाकते. म्हणून नैसर्गिक युरेनियमचा कितीही मोठा ढीग रचला तरी तो पेटत नाही. न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा मंदायक, म्हणजे साधे पाणी, जड पाणी किंवा ग्रॅफाइट, त्यात योग्य अंतरावर असावा लागतो, आणि साधे पाणी वापरायचे असेल तर युरेनियम-२३५ चे प्रमाण ३ ते ५ टक्क्यांपर्यंत वाढवावे लागते. निसर्गात याला एक विलक्षण अपवाद घडून गेला आहे. आफ्रिकेतील गॅबॉन देशात ओक्लो येथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी भूजलाच्या साहाय्याने जमिनीखालीच विखंडनाची साखळी चालू झाली होती. त्या काळी युरेनियम-२३५ चे प्रमाण आजच्यापेक्षा जास्त, सुमारे ३ टक्के होते, म्हणून ते शक्य झाले.

अणुभट्टी नियंत्रणात कशी राहते?

पाठ्यपुस्तकांत याचे उत्तर बोरॉन किंवा कॅडमियमच्या नियंत्रक कांड्या असे एका वाक्यात दिलेले असते. ही मूलद्रव्ये न्यूट्रॉन शोषतात. कांड्या खाली सोडल्या की साखळी मंदावते आणि वर उचलल्या की वेग घेते. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे, कारण खरी अडचण वेळेची आहे.

एका विखंडनातून निघालेला न्यूट्रॉन साध्या पाण्याच्या भट्टीत सेकंदाच्या सुमारे दहाहजाराव्या भागात पुढचे विखंडन घडवतो. प्रत्येक पिढीत न्यूट्रॉनांची संख्या फक्त एक हजारांशाने वाढली, तरी एका सेकंदात दहा हजार पिढ्या होऊन ती सुमारे २२ हजार पट होईल. कोणतीही कांडी, कोणतीही मोटर आणि कोणताही माणूस इतक्या वेगाने हालचाल करू शकणार नाही. अणुऊर्जा शक्य झाली ती निसर्गाच्या एका लहानशा सवलतीमुळे. युरेनियम-२३५ च्या विखंडनातील सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन ताबडतोब निघत नाहीत, तर विखंडनातून निर्माण झालेल्या काही अस्थिर केंद्रकांतून काही सेकंदांनी, कधी मिनिटभराने, बाहेर पडतात. साखळी या उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनांवाचून पूर्ण होणार नाही अशा बेताने भट्टी चालवली, की तिचा वेग त्यांच्या संथ चालीने ठरतो. मग वरच्या उदाहरणातील तेवढ्याच वाढीने भट्टीची शक्ती दुप्पट होण्यास अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो, आणि तेवढ्यात यंत्रणेला सावरता येते.

अणुवीज केंद्राचा अणुबॉम्बसारखा स्फोट होऊ शकतो का?

नाही. बॉम्बसाठी युरेनियम-२३५ चे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असावे लागते आणि ते सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात एकत्र दाबून धरावे लागते. वीज केंद्राच्या इंधनात या दोन्ही गोष्टी नसतात. तरीही, स्फोट होऊच शकत नाही असा याचा अर्थ घेऊ नये. चेर्नोबिल येथे २६ एप्रिल १९८६ रोजी पहाटे झालेल्या अपघातात भट्टीची शक्ती एकाएकी अनेक पट वाढली, पाण्याची वाफ होऊन तिच्या दाबाने भट्टी फुटली आणि ग्रॅफाइटला आग लागली. त्या आराखड्यात पाण्याची वाफ झाली की साखळी मंदावण्याऐवजी वाढत असे, हा मूळ दोष होता, आणि भट्टीभोवती भक्कम बंदिस्त घुमट नव्हता. वेगळ्या आराखड्याच्या भट्ट्यांना चेर्नोबिलचा दाखला जसाच्या तसा लावणे चुकीचे आहे, आणि अपघात अशक्य आहे असे सांगणेही तितकेच चुकीचे आहे.

भट्टी बंद केल्यावर धोका संपतो का?

संपत नाही, आणि विखंडनावरील भट्ट्यांचा सर्वांत अवघड गुणधर्म हाच आहे. साखळी क्षणात थांबवता येते. मात्र आधी निर्माण झालेले विखंडनाचे तुकडे किरणोत्सारी असतात आणि ते उष्णता देत राहतात. बंद केल्याक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवसभरानंतरही अर्ध्या टक्क्याच्या घरात राहते. मोठ्या भट्टीच्या बाबतीत अर्धा टक्का म्हणजेसुद्धा १० मेगावॉटहून अधिक उष्णता होते. फुकुशिमा येथे ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद झाल्या होत्या. त्यानंतर आलेल्या त्सुनामीने डिझेल जनित्रे निकामी केली, पाणी फिरवणारे पंप थांबले, इंधन वितळले आणि त्यातून निर्माण झालेल्या हायड्रोजनचे स्फोट झाले. समुद्रकाठच्या कोणत्याही अणुवीज केंद्राविषयी, मग ते तारापूर असो वा रत्नागिरी जिल्ह्यात प्रस्तावित असलेले जैतापूर, विचारण्याजोगा पहिला प्रश्न म्हणूनच असा आहे : बाहेरची वीज पूर्णपणे गेली तर इंधन किती काळ आणि कशाने थंड राहील?

तारापूरच्या भट्ट्या कोणत्या प्रकारच्या आहेत?

दोन वेगळ्या प्रकारच्या. पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, साध्या उकळत्या पाण्याच्या आणि समृद्ध, म्हणजे २३५ चे प्रमाण वाढवलेल्या, युरेनियमवर चालणाऱ्या असून त्यांच्यापासून १९६९ मध्ये भारतातील अणुविजेची सुरुवात झाली. त्याआधी १९५६ मध्ये तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही संशोधन भट्टी सुरू झाली होती, पण तिचा उद्देश वीजनिर्मिती हा नव्हता. तारापूरची तिसरी आणि चौथी भट्टी प्रत्येकी ५४० मेगावॉटची, देशी बनावटीची आहे. या भट्ट्यांत जड पाणी आणि नैसर्गिक युरेनियम वापरतात. जड पाण्यातले ड्यूटेरियम न्यूट्रॉनांना मंद करते, पण त्यांना क्वचितच गिळते, म्हणून युरेनियम समृद्ध करावे लागत नाही. असे जड पाणी तयार करणारा एक कारखाना रायगड जिल्ह्यात थळ येथे आहे. हेच ड्यूटेरियम संमीलनात इंधन म्हणून येते.

थोरियमचे काय?

थोरियम-२३२ स्वतः साखळी चालवू शकत नाही. भट्टीत न्यूट्रॉन शोषल्यावर त्यापासून युरेनियम-२३३ तयार होते आणि ते विखंडनक्षम असते. भारताजवळ युरेनियम मर्यादित आणि थोरियम भरपूर, विशेषतः केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत, असल्यामुळे होमी भाभा यांनी त्रिस्तरीय कार्यक्रम आखला : आधी नैसर्गिक युरेनियम, मग प्लुटोनियमवर चालणाऱ्या वेगवान (न्यूट्रॉन मंद न करता वापरणाऱ्या) भट्ट्या आणि शेवटी थोरियम. मोठ्या प्रमाणावरील वीजनिर्मितीत तिसरा टप्पा अजून आलेला नाही.

सूर्यात संमीलन कसे चालते?

सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस आहे. तेथे टप्प्याटप्प्याने चार प्रोटॉनांपासून हेलियमचे एक केंद्रक बनते. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यातले ४० लाख टनांहून थोडे अधिक वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते.

हे आकडे ऐकून सूर्याचा गाभा म्हणजे धगधगती स्फोटशाळा असावी असे वाटते. प्रत्यक्षात तो अत्यंत संथ आहे. गाभ्याच्या मध्यभागीही एका घनमीटरमधून ३०० वॉटहून कमी ऊर्जा निघते. आकारमानाच्या हिशेबाने स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर याहून अधिक उष्णता देते. कारण पहिल्याच टप्प्यात दोन प्रोटॉन जवळ आल्यावर त्यांतील एकाचे न्यूट्रॉनमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि ही घटना इतकी विरळ आहे की एका प्रोटॉनला त्यासाठी सरासरी शेकडो कोटी वर्षे वाट पाहावी लागते. सूर्य तळपतो तो आपल्या अफाट आकारमानामुळे, आणि इतकी वर्षे टिकला आहे तो या संथपणामुळे.

मग पृथ्वीवर सूर्याची नक्कल करता येत नाही का?

तशीच्या तशी करता येत नाही, आणि करण्यात अर्थही नाही. त्यामुळे ‘पृथ्वीवरचा सूर्य’ हा वर्तमानपत्री शब्दप्रयोग थोडा फसवा आहे. येथे ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड समस्थानिकांचा वापर करतात, कारण त्यांचे संमीलन तुलनेने सर्वांत सहज होते. त्यातून हेलियमचे केंद्रक, एक न्यूट्रॉन आणि १७.६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते. ‘सहज’ हा शब्द येथेही जपूनच घ्यावा, कारण सूर्याचा प्रचंड दाब उपलब्ध नसल्यामुळे तापमान सूर्याच्या गाभ्याच्या दहापट, म्हणजे १० ते १५ कोटी अंश, ठेवावे लागते. विखंडनात भाररहित न्यूट्रॉन आयताच आत शिरतो. संमीलनात दोन्ही केंद्रके धनभारित असतात आणि एकमेकांना लोटतात, म्हणून त्यांना फार मोठ्या वेगाने एकमेकांवर आदळवावे लागते. केवळ तापमान पुरेसे नसते. घनताही हवी आणि उष्णता टिकून राहण्याचा काळही हवा, आणि तिन्हींचा गुणाकार एका किमान मर्यादेपलीकडे जावा लागतो.

इतका तप्त पदार्थ ठेवतात कशात?

त्या तापमानाला इलेक्ट्रॉन केंद्रकांपासून सुटे होतात आणि प्लाझ्मा तयार होतो. तो विद्युतभारित असल्यामुळे चुंबकीय क्षेत्रात अधांतरी कोंडता येतो. वळ्याच्या आकाराचे असे पात्र, म्हणजे टोकामाक, सोव्हिएत संघात विकसित झाले. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हा टोकामाक १९८९ पासून आहे. दुसरी पद्धत इंधनाच्या इवल्याशा गोळीवर सर्व बाजूंनी शक्तिशाली लेसरचा मारा करून ती क्षणार्धात दाबण्याची आहे.

टोकामाकच्या पात्रात कोणत्याही क्षणी काही ग्रॅमांइतकेच, बहुधा एक ग्रॅमहूनही कमी, इंधन असते. चुंबकीय बंध सैल झाला तर प्लाझ्मा भिंतीला लागून थंड होतो आणि संमीलन थांबते. यंत्राचे नुकसान होऊ शकते, पण साखळी हाताबाहेर जाण्याचा प्रश्नच येत नाही, कारण येथे साखळीच नसते.

संमीलनातून दिलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली, अशी बातमी आली होती. ती खरी आहे का?

खरी आहे, पण तिची मर्यादा समजून घ्यावी. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी लेसरने लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. तथापि ते लेसर चालवण्यासाठी वीजवाहिनीतून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले होते. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तो ऐतिहासिक टप्पा होता, वीजनिर्मितीच्या दृष्टीने नव्हता. चुंबकीय पद्धतीत इंग्लंडमधील जेट या यंत्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ५ सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा दिली. त्यासाठी केवळ ०.२ मिलिग्रॅम इंधन लागले, मात्र प्लाझ्मा तापवण्यासाठी दिलेली ऊर्जा त्याहून अधिक होती.

ईटर प्रकल्प काय आहे आणि त्यात भारताचा वाटा कोणता?

फ्रान्सच्या दक्षिण भागात कादाराश येथे उभारला जात असलेला हा आजवरचा सर्वांत मोठा टोकामाक आहे. भारत, युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान आणि दक्षिण कोरिया हे त्याचे सदस्य आहेत. प्लाझ्माला ५० मेगावॉट उष्णता देऊन ५०० मेगावॉट संमीलनशक्ती मिळवणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. संपूर्ण यंत्राला वेढणारे सुमारे ३० मीटर उंच आणि तितक्याच रुंदीचे पोलादी निर्वात पात्र भारताने पुरवले आहे, आणि त्याचे भाग गुजरातेत हजिरा येथे घडवले गेले. वेळापत्रक अनेकदा पुढे गेले असून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आराखड्यानुसार ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये अपेक्षित आहेत. ईटरमधून वीज तयार होणार नाही, तशी त्याची रचनाच नाही.

संमीलन पूर्णपणे स्वच्छ आणि अमर्याद आहे का?

दोन्ही विशेषणे जरा आखडती घ्यावी लागतील. ड्यूटेरियम समुद्राच्या पाण्यात, दर घनमीटरमागे सुमारे ३३ ग्रॅम, मुबलक आहे. ट्रिटियमचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचा निम्मा साठा किरणोत्साराने नाहीसा होण्याचा काळ, मात्र फक्त १२.३ वर्षे असल्याने ते निसर्गात जवळजवळ साठत नाही. एक हजार मेगावॉट संमीलनशक्ती वर्षभर चालवण्यास सुमारे ५६ किलो ट्रिटियम लागेल, आणि ते संमीलनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांचा लिथियमवर मारा करून त्याच यंत्रात निर्माण करावे लागेल. पूर्ण प्रमाणावर हे अजून कोणीही करून दाखवलेले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तापमानाच्या विक्रमांपेक्षा हा प्रश्न अधिक कठीण आहे, आणि त्याच्याविषयी फारच कमी बोलले जाते.

कचऱ्याच्या बाबतीत संमीलन निश्चितच उजवे आहे. विखंडनातून सुमारे ३० वर्षे अर्धायुष्य असलेले सीझियम-१३७ आणि २४ हजार वर्षे अर्धायुष्य असलेले प्लुटोनियम-२३९ यांसारखे पदार्थ उरतात. संमीलनाची राख म्हणजे निरुपद्रवी हेलियम. पण मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेचा सुमारे ८० टक्के भाग वेगवान न्यूट्रॉन घेऊन जातात, ते भिंतीच्या धातूत शिरून त्याला ठिसूळ आणि किरणोत्सारी बनवतात. त्या भिंती अधूनमधून बदलाव्या लागतील आणि काढलेले भाग काही दशके सांभाळून ठेवावे लागतील.

हायड्रोजन बॉम्ब संमीलनावर चालतो, मग वीज का मिळत नाही?

कारण त्या बॉम्बमध्ये संमीलन पेटवण्याचे काम आधी स्फोट पावणारा विखंडनाचा बॉम्ब करतो. पहिली अशी पूर्ण चाचणी १ नोव्हेंबर १९५२ रोजी प्रशांत महासागरातील एनेवेटाक बेटांवर झाली. वीज केंद्रात ती काडी वापरता येत नाही.

खोलीच्या तापमानाला होणारे ‘शीत संमीलन’ खरे आहे का?

मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतील यूटा येथे तसा दावा केला होता. इतर प्रयोगशाळांना तो पडताळता आला नाही आणि अपेक्षित न्यूट्रॉनही आढळले नाहीत.

संमीलनाविषयी नवी बातमी आली, तर ती कशी वाचावी?

तीन गोष्टी तपासाव्यात : इंधनात ट्रिटियम होते का, मिळालेल्या ऊर्जेची तुलना प्लाझ्माला दिलेल्या ऊर्जेशी केली आहे की वीजवाहिनीतून घेतलेल्या एकूण ऊर्जेशी, आणि प्रयोग किती सेकंद चालला. फ्रान्समधील वेस्ट या टोकामाकने फेब्रुवारी २०२५ मध्ये १३३७ सेकंद, म्हणजे २२ मिनिटांहून अधिक काळ प्लाझ्मा टिकवला. तो कालावधीचा विक्रम होता, पण इंधनात ट्रिटियम नसल्यामुळे त्यातून उपयुक्त संमीलनऊर्जा मिळवणे हा त्या प्रयोगाचा हेतूच नव्हता.